चर्चच्या तरुण संघाने परिसरातला प्रश्न हाती घ्यायचा तर: पहिल्या फेरीपासून पोच-शिक्क्यापर्यंत

ठाणे-नवी मुंबईतल्या चर्चमधली कॉलेजची मुलं दरवर्षी जून-जुलैत ठरवतात की यंदा चर्चच्या भिंतीबाहेर काहीतरी करायचं. मनापासून ठरवतात. पण होतं असं, की आधी बॅनर छापला जातो, मग निवेदन लिहिलं जातं आणि सगळ्यात शेवटी कळतं की तो रस्ता महापालिकेचा नव्हताच. तोवर सेमिस्टर परीक्षा येते. उरतो तो डिसेंबरातला ब्लँकेटवाटपाचा एक दिवस.

कळव्यातल्या एका तरुण संघासोबत मी काही वर्षं हे काम करते आहे. या सगळ्या चुका आम्हीही केल्या. पहिल्या वर्षी आम्ही चाळीस सह्यांचं निवेदन घेऊन प्रभाग कार्यालयात गेलो. विषय होता स्टेशनकडून वस्तीत येणाऱ्या रस्त्यावरचे बंद दिवे. कारकुनांनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "खांबांचे नंबर?" आमच्याकडे बायबलचं वचन होतं, चाळीस सह्या होत्या, एकही नंबर नव्हता. खाली पायऱ्या लिहिताना मी हेच दिव्यांचं उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. तुमचा प्रश्न पाण्याचा, फुटपाथचा किंवा कचऱ्याचा असला तरी क्रम हाच ठेवा.

1. गट बांधा, आणि घरच्यांना आधी सांगा

पाच ते आठ जण पुरे. वीस जणांचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, प्रभाग कार्यालयात चालत नाही. तीन कामं पहिल्याच बैठकीत नेमून द्या. एक जण वही ठेवेल, एक जण कागदपत्रं सांभाळेल आणि एकच जण अधिकाऱ्यांशी बोलेल. बोलणारा सगळ्यात धीट असण्यापेक्षा सगळ्यात शांत असलेला बरा.

पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटा आणि नेमकं काय करणार ते सांगा. परवानगी मागताना "समाजसेवा" असा मोघम शब्द वापरू नका. "अमुक रस्त्यावरचे दिवे, ऑगस्टपर्यंत" असं सांगा. मंडळीतले वडीलधारे घाबरतात ते बहुधा अस्पष्टतेला. आई-वडिलांनाही हेच सांगा, विशेषतः संध्याकाळी फिरावं लागणार असेल तर. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. अकरावी-बारावीची मुलं उत्साहाने येतात, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा.

कॉलेजच्या नावाने काही करायचं असेल तर एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तासांचं काम अपेक्षित असतं आणि परिसराचं सर्वेक्षण त्यात बसू शकतं. पण एनएसएस हा सर्वांचा, सरकारी कार्यक्रम आहे. त्याच्या कामात चर्चची प्रार्थना आणू नका, आणि चर्चच्या कामावर एनएसएसचं नाव लावू नका.

तपासा: पैसे गोळा करायची गरज पडते आहे का? दिव्यांसारख्या प्रश्नाला झेरॉक्स आणि रिक्षाभाड्यापलीकडे काही लागत नाही. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर वर्गणी घेऊ नका. अगदीच लागलं तर चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या पावतीवरच घ्या.

2. आधी बघा, बोलू नका

या पायरीसाठी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय गटात बसून सावकाश वाचा. यरुशलेमच्या पडलेल्या कोटाची, म्हणजे तटबंदीची, बातमी कळल्यापासून राजासमोर तोंड उघडेपर्यंत नहेम्या किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांपर्यंत, म्हणजे चारएक महिने, थांबला. राजाकडे त्याने नुसती परवानगी मागितली नाही, वाटेतल्या अधिकाऱ्यांच्या नावाने पत्रंही मागितली. यरुशलेमात पोहोचल्यावर तीन दिवस गप्प राहिला, मग मोजकी माणसं घेऊन रात्री कोट पाहून आला आणि त्यानंतर लोकांशी बोलला. प्रार्थना, कागद, पाहणी, मग बोलणं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, म्हणून हा भाग मी दरवर्षी पुन्हा वाचून घेते.

आता तुमची फेरी. दिव्यांसाठी संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळेत, तीन वेगवेगळ्या दिवशी चाला. एकाच रात्री पाहिलं तर वीज गेली होती की दिवाच बंद होता, ते कळत नाही. वहीत प्रत्येक खांबासाठी एक ओळ लिहा: खांबावर रंगवलेला क्रमांक, जवळची खूण (मेडिकल, शाळेचं गेट, रिक्षा स्टँड), तारीख, वेळ, आणि दिवा बंद आहे, लुकलुकतो की झाडाच्या फांदीआड आहे. ही शेवटची नोंद महत्त्वाची. फांदीआड असलेल्या दिव्याचं काम उद्यान विभागाकडे जातं, बंद दिव्याचं विद्युत विभागाकडे. क्रमांक पुसट झाला असेल तर पुढच्या-मागच्या खांबांचे क्रमांक लिहून "या दोघांमधला" असं नोंदवा.

फोटो खांबाचा काढा. माणसांचा, आणि त्यातही घरी चाललेल्या मुलींचा, कधीही नाही.

कोणता प्रश्न निवडायचा यावर गट आठवडे घालवतात. मी तीन गोष्टी बघते. चर्चमध्ये न येणाऱ्यांना त्याचा त्रास होतो का? एका कार्यालयाच्या हातात तो सोडवणं आहे का? एका सेमिस्टरमध्ये फरक डोळ्यांना दिसेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर तो विषय पहिल्या वर्षी घेऊ नका. दफनभूमीच्या जागेचा किंवा चर्चसमोरच्या पार्किंगचा प्रश्न खरा असतो, पण तो मंडळीच्या विश्वस्तांनी चालवायचा आहे. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात बंदिवासात गेलेल्यांना सांगितलं आहे की ज्या नगरात पाठवलं त्या नगराचं हित पाहा. सगळ्या नगराचं.

3. रस्ता कोणाचा, ते शोधा

सगळ्यात जास्त निवेदनं इथे वाया जातात. ठाणे महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे इस्टेट, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं आहेत: बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. पण पत्ता त्या हद्दीत आहे म्हणजे मालमत्ता त्यांचीच, असं नाही. महामार्ग वेगळ्या खात्याकडे असू शकतो. नवी मुंबईत सिडको (शहर वसवणारं महामंडळ) आणि एमआयडीसी (औद्योगिक वसाहतींचं महामंडळ) आहेत, स्टेशनच्या आवारात रेल्वेही आहे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांचे मालक वेगळे निघतात.

सोपा मार्ग म्हणजे अर्ज लिहिण्याआधी रिकाम्या हाताने कार्यालयात जा आणि विचारा, "साहेब, अमुक नाक्यापासून तमुक शाळेपर्यंतचे पथदिवे आपल्याकडेच येतात ना?" या एका वाक्याने आमचे पुढच्या वर्षीचे दोन महिने वाचले. सकाळची लेक्चर्स संपवून थेट निघा, जेवणाच्या सुट्टीच्या आत पोहोचा.

4. दुसरी सही चर्चबाहेरची घ्या

अर्जावर पहिली सही गटातल्या त्या वस्तीत राहणाऱ्या कुणाची तरी असावी. दुसरी सही चर्चशी संबंध नसलेल्या, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाची. सोसायटीचे सेक्रेटरी, बचत गटाच्या ताई, रिक्षा स्टँडवरचे काका, देवळाचे किंवा मशिदीचे विश्वस्त, कुणीही. सह्यांचा आकडा वाढवण्यासाठी हे करायचं नाही. प्रश्न त्यांचा आहे, तुम्ही त्यांच्यासोबत आहात, एवढं त्यातून स्पष्ट होतं. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा कोट दुरुस्त केला. घरासमोरच्या माणसाला वगळून काम करू नका.

दारोदार जाताना दोघं-दोघं जा, त्यात एक मुलगी असू द्या, आणि दिवेलागणीनंतर कुणाच्या घरात जाऊ नका. दारातच बोला.

5. नाव सांगायचं की लपवायचं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे आणि यात दोन्ही बाजूंनी चूक होते.

पहिली चूक म्हणजे दिव्यांच्या अर्जावर क्रूस, वचन आणि चर्चचं लेटरहेड. अधिकाऱ्याला ती एका समाजाची मागणी वाटते, शेजाऱ्यांनाही तसंच वाटतं, आणि ज्यांनी सही केली असती ते मागे सरतात. दुसरी चूक म्हणजे "आम्ही एक सामाजिक संस्था आहोत" असं सांगून वेळ मारून नेणं. आमच्या गटातल्या एस.वाय.च्या एका मुलीला चाळीतल्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या मंडळाच्या गं?" ती गडबडली आणि म्हणाली, "कॉलेजच्या." पुढच्या रविवारी आजींनी तिला उपासनेतून बाहेर पडताना पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं ना बाळा, लपवलंस कशाला?" त्या मुलीला ते वाक्य फार लागलं, आणि मलाही. आपण भीतीपोटी लपवतो आणि समोरच्याला वाटतं की काहीतरी डाव आहे.

म्हणून आम्ही ठरवलं: कागदावर नाव, पत्ता आणि कॉलेज, तोंडी, विचारलं तर पूर्ण खरं. उत्तर दोन वाक्यांचं असावं आणि ते गटात एकमेकांसमोर मोठ्याने म्हणून पाहावं. आमचं असं आहे: "आम्ही अमुक चर्चच्या तरुण संघाची मुलं. शेजाऱ्यावर प्रीती करा असं आम्हाला शिकवलंय, आणि हा रस्ता शेजाऱ्यांचाच आहे." इथे थांबायचं. पुढे विचारलं तर पुढे सांगायचं. नाही विचारलं तर दिव्यांकडे वळायचं.

काही गोष्टी कामावर असताना अजिबात नाहीत. धर्मप्रसाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत. मदतीच्या बदल्यात सभेचं निमंत्रण द्यायचं नाही. स्वतःहून मागितल्याशिवाय कुणासाठी त्याच्या दारात प्रार्थना करायची नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे बोलण्याचा हक्क तुम्हाला आहेच. तरीही सेवेच्या वेळी तो बाजूला ठेवा असं मी सांगते, कारण ज्याला मदत हवी असते त्याला "नको" म्हणायची मोकळीक नसते. त्याच्या गरजेच्या क्षणी आपला विश्वास त्याच्यापुढे ठेवला तर त्याचं "हो" खरं आहे की नाही, हे आपल्यालाही कळत नाही.

प्रार्थना मात्र सोडू नका. निघण्याआधी चर्चमध्ये किंवा कुणाच्या घरी दहा मिनिटं बसा. रस्त्यावर हात धरून वर्तुळ करायची गरज नाही.

सावधान: कुणी अडवलं, आरोप केले, मोबाईल समोर धरून प्रश्न विचारू लागलं, तर वाद घालू नका. नाव आणि काम सांगा, अर्जाची प्रत दाखवा, काम थांबवा आणि सगळे एकत्र तिथून निघा. धोका वाटला तर 112 ला फोन करा. घरी पोहोचल्यावर तारीख, वेळ आणि घडलेलं वहीत लिहा, पाळकांना सांगा. त्या रात्री इन्स्टाग्रामवर काहीही टाकू नका.

6. अर्ज

मराठीत, एका पानात, एकच विषय. ठाण्यात "मा. सहाय्यक आयुक्त, अमुक प्रभाग समिती" आणि नवी मुंबईत "मा. सहाय्यक आयुक्त तथा विभाग अधिकारी, अमुक विभाग कार्यालय" असा मायना चालतो. मजकूर साधारण असा:

"विषय: (रस्त्याचे नाव) येथील 7 पथदिवे बंद असल्याबाबत. महोदय, वरील रस्त्यावर (पासून) ते (पर्यंत) सोबतच्या तक्त्यातील 7 पथदिवे दि. …, दि. … व दि. … या तिन्ही दिवशी रात्री बंद आढळले. या रस्त्याने शाळा व क्लासचे विद्यार्थी, कामावरून परतणाऱ्या महिला आणि ज्येष्ठ नागरिक ये-जा करतात. तरी हे पथदिवे दुरुस्त करून केलेली कार्यवाही आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती."

खाली तक्ता, दोन सह्या, पत्ते, मोबाईल क्रमांक. वचन नाही, "तीव्र आंदोलन छेडू" नाही, मागच्या दहा वर्षांची गाऱ्हाणी नाहीत. "लेखी कळवावी" हे शब्द मात्र हवेतच, पुढच्या पाठपुराव्याचा पाया तोच असतो.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात (येणारे कागद नोंदवून घेतात तिथे) द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवून आलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आमच्या गटातला एक मुलगा दोनदा असाच परत आला, दोन्ही वेळा साहेब अतिशय प्रेमाने बोलले होते, आणि दोन्ही अर्जांचा पुढे पत्ता लागला नाही.

एक प्रत नगरसेवकांनाही द्या. दोन्ही महापालिकांत बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडून येतात. प्रत चौघांनाही द्या, एकालाच नाही. एकालाच दिली की तुमचा अर्ज त्या पक्षाचा होतो.

7. पाठपुरावा

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा. कार्यालयात विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता कोण ते विचारा आणि त्यांना भेटा. शक्य असेल तर त्यांच्यासोबत रस्ता चालून या. बऱ्याचदा काम इथेच होतं.

महिना उलटूनही लेखी उत्तर नसेल तर माहिती अधिकार. अर्ज "जोडपत्र अ" मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. विचारा एवढंच: दि. … च्या आवक क्रमांक … या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही आणि संबंधित टिपणीची प्रत. "दिवे का बंद आहेत?" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याची फी 20 रुपये.

दुसरा मार्ग लोकशाही दिनाचा. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज घेत नाहीत. माहितीचा अर्जही नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा असतो. म्हणून "तरुण संघ" असं अर्जदाराच्या जागी लिहू नका.

तपासा: वहीत आतापर्यंत खांबांचा तक्ता, आवक क्रमांक, भेटींच्या तारखा आणि भेटलेल्या अधिकाऱ्यांची पदं आहेत का? नसतील तर पुढे जाण्याआधी आज लिहा.

8. रस्त्यावर कार्यक्रम करायचा असेल तर

पथनाट्य, जनजागृती फेरी किंवा नाताळची गाणी, यातलं काहीही करायचं तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, तेव्हा कार्यक्रम जिथे आहे तिथल्याच ठाण्यात जा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला बंदी असू शकते. त्या तारखांना असा आदेश आहे का, हे अर्ज देतानाच विचारा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम लक्षात ठेवा. खरं सांगायचं तर गिटार आणि गळा पुरतो.

9. निवडणुकीच्या काळात

मतदार म्हणून नाव नोंदवा: नमुना 6. वय 17 पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, आणि 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी जिला तुम्हाला अठरा पूर्ण होतील तिच्यानुसार नाव लागतं. घर बदललं असेल तर नमुना 8. तरुण संघाच्या बैठकीत हे अर्ज भरून घ्यायला काहीच हरकत नाही.

उमेदवाराला चर्चच्या सभागृहात प्रचारासाठी बोलावू मात्र नका. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला 1988 च्या कायद्याने बंदी आहे. "आपल्या माणसाला मत द्या" असा निरोप मंडळीच्या ग्रुपवर फिरवू नका. गटातल्या कुणाला एखाद्या पक्षाचं काम करायचं असेल तर खुशाल करावं, पण ते दिवस त्याने अर्ज घेऊन कार्यालयात जाऊ नये.

10. दिवे लागल्यावर

कनिष्ठ अभियंत्यांना आभाराचं पत्र द्या, तेही आवक शिक्क्यासह. तक्रारीच्या ढिगात असं पत्र क्वचितच येतं आणि पुढच्या वेळी तुमचा चेहरा लक्षात राहतो. सही केलेल्या शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगा. फोटो टाकायचाच असेल तर उजळलेल्या रस्त्याचा टाका आणि श्रेय त्या शेजाऱ्यांनाही द्या.

वही एफ.वाय.च्या मुलांकडे सोपवा. टी.वाय.च्या मुलांनी ती स्वतःकडे ठेवली की पुढचा गट पुन्हा "खांबांचे नंबर?" या प्रश्नापासून सुरुवात करतो. सोपवताना नव्या मुलांना घेऊन एकदा तो रस्ता चाला. आणि तीन महिन्यांनी, पावसाळा झाल्यावर, त्याच वहीतल्या त्याच क्रमांकांवर टिक करत पुन्हा एक फेरी मारा. आमच्या सातांपैकी दोन तेव्हा परत बंद सापडले होते. त्यांचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला, यावेळी क्रमांकांसकट.